भिंतीवरचा केस

"अहो, फोटो तुम्हीच काढलाय. मी बोट लावून दाखवला होता तडा," मुख्याध्यापिकाबाई फोनवर म्हणाल्या. आवाज जराही चढलेला नव्हता. त्यामुळेच फोटोवाले काका खुर्चीत सरळ होऊन बसले.

बांधकाम खात्यात काका एकोणतीस वर्षं फोटो काढत होते. पूल, टाक्या, दवाखाने, शाळा. जे तपासायचं त्याचा फोटो काकांचा आणि सही इंजिनिअरची. या शाळेच्या मागच्या जिन्याची भिंत अहवालात 'सुस्थितीत' म्हणून आली होती आणि सोमवारपासून मुलं त्या जिन्यानं वर जाऊ लागली होती. जिना आजच्या आज बंद ठेवा, असं काकांनी सुचवलं, तर बाईंनी विचारलं, "तुमचाच कागद भिंत ठीक आहे म्हणतोय. मी कुणाच्या जोरावर बंद करू?"

"माझ्या," काका म्हणाले. म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. बाईंनी शांतपणे त्यांचं नाव लिहून घेतलं.

फोन ठेवून काकांनी अहवाल काढून पाहिला. फोटो त्यांचाच होता. कोन त्यांचा, कठड्यावरचं तिरपं ऊन त्यांनी टिपलेलं. भिंत मात्र धुतल्या तांदळासारखी. तडा औषधालाही नव्हता.

त्यांची नजर आपोआप समोरच्या केबिनकडे गेली. इंजिनिअर मॅडम चार महिन्यांपूर्वी आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ ते फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर आलं. महिनाभर वापरून बघा आणि खात्यानं ते विकत घ्यावं की नाही, फायदे-तोटे लिहून द्या, असं वरून काकांनाच सांगितलं होतं. काकांनी कागदावर मधोमध रेघ मारली होती. फायद्यांत लिहिलं होतं, 'अंधारातलं दिसतं. वाकडी आलेली इमारत सरळ करता येते.' तोट्यांत लिहिलं होतं, 'वाकडी असलेली इमारत सरळ करता येते.' ते वाचून मॅडम हसल्या होत्या. तेव्हा काकांना बरं वाटलं होतं. आता तेच हसणं त्यांना खुपू लागलं.

एकदा संशय आला की त्याला खायला कुठूनही मिळतं. परवा ठेकेदार केबिनमध्ये अर्धा तास बसला होता आणि दार लोटलेलं होतं. काल मॅडमनी त्यांच्याकडून सगळे फोल्डर मागून घेतले होते. कशाला? दुपारी ते घरी जेवायला गेले. बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पानात भात वाढला आणि म्हणाली, "तिनं केलंही असेल. पण चष्मा सापडला नाही की तुम्ही आधी माझ्यावर ओरडता आणि मग कपाळावर हात नेता. बोलायच्या आधी एकदा बघून घ्या."

काकांनी बघितलं नाही. ते तडक केबिनमध्ये गेले, अहवाल टेबलावर ठेवला आणि म्हणाले, की मी काढलेल्या भिंतीवर तडा होता, तुम्ही छापलेल्या भिंतीवर नाही. मधला जो कोणी आहे त्याचं नाव मला हवंय.

मॅडमचा चेहरा उतरला, पण त्या चिडल्या नाहीत. त्यांनी फोटो उघडला आणि पडदा काकांकडे वळवला. कडेला बारीक अक्षरांत एक यादी होती. फोटोवर कोणी, कधी, काय केलं याची ओळ न ओळ. ते सॉफ्टवेअर एवढं सगळं लिहून ठेवतं हे काकांना ठाऊकच नव्हतं. शेवटची ओळ होती बुधवारची, अकरा वाजून वीस मिनिटांची. पुढे नाव काकांचंच.

मग त्यांना बुधवार आठवला. त्या दिवशी चाळीस फोटो साफ करायचे होते; कुठला फोटो कुठल्या शाळेचा हेही त्यांनी पाहिलं नव्हतं. एकात काळी, नागमोडी, बारीक रेघ दिसली. लेन्सवर केस पडलाय, त्यांना वाटलं. फिल्मच्या काळात असे केस ते प्रिंटवर एका केसाच्या ब्रशनं रंगवून घालवत. अख्ख्या खात्यात ती कला त्यांच्याच हातात होती. त्याला तासभर लागायचा, आणि तासभर बघितल्यावर केस कुठला आणि तडा कुठला ते आपोआप कळायचं. इथे माउस एकदा फिरवला आणि रेघ गेली. वर भिंतीचा पोतसुद्धा हुबेहूब भरून आला. ते स्वतःवर खूश झाले होते.

"मीही जागेवर गेले नाही," मॅडम म्हणाल्या. "फोटो इतका स्वच्छ होता, की गरज वाटली नाही." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मूळ फोटो शाबूत आहे. तो लावते, अहवाल बदलते. कशामुळे बदलला ते लिहायलाच हवं असं नाही."

त्या त्यांना वाचवायलाच बघत होत्या, हे काकांना कळत होतं. तरी सकाळपासूनचा संशय एकदम सुटेना. आता तो स्वतःवरच उलटला होता. आज हा केस लपवला, तर उद्या कुठली भिंत आपण खरी म्हणून बघणार?

"लिहा," ते म्हणाले. "माझ्या हातून पुसला गेला म्हणून लिहा. आणि आधी शाळेत चला."

बाईंनी जिन्याला दोर बांधून ठेवला होता. तडा होता तिथेच होता. काकांची करंगळी नखापर्यंत आत गेली. त्यांनी फोटो काढला, पडद्यावर पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मग डावा हात तड्याशेजारी भिंतीवर टेकवला आणि उजव्या हातानं दुसरा फोटो काढला.

आठवड्याभरात भिंत उतरवायचा हुकूम निघाला. सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, मात्र मूळ फोटो जोडल्याशिवाय अहवाल पुढे जाणार नाही, ही काकांची सूचना मान्य झाली. त्याच कागदात खाली होतं, की डोळे तपासून होईपर्यंत काकांनी बाहेरचं काम करू नये. डोळ्यांच्या डॉक्टरांनी जे सांगितलं, त्यानंतर ती अट कोणी काढली नाही.

कॅमेरा जमा करायला ते केबिनमध्ये गेले, तेव्हा पडद्यावर तोच फोटो होता. तडा स्पष्ट होता आणि शेजारचा हात हललेला, पुसट.

"हात जरा ठीक करू का, काका?" मॅडमनी विचारलं. "एका मिनिटाचं काम आहे."

काका वाकून बराच वेळ बघत राहिले. "नको," ते म्हणाले. "हलला होता."

मग त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा नीट गुंडाळला, बॅगेची चेन लावली आणि बॅग दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली.