फटींची भिंत

मित्रांनो, मी एक भिंत आहे आणि माझ्या अंगभर फटी आहेत. दुसरी एखादी भिंत ही गोष्ट लपवेल. मला मात्र तिचा अभिमान आहे.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाताना रस्त्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. मुंबईत नोकरी करणाऱ्या वाडीकरांच्या मंडळाने इथे सभागृह बांधले. जागा कोंडाजींनी दिली, पण इमारत उभी राहण्याआधीच ते गेले. मंडळाने हौसेने भिंतींना खालपासून वरपर्यंत चकचकीत लाद्या लावल्या. सभागृह आरशासारखे दिसू लागले. त्यात बोललेले मात्र कुणालाच कळेना. आवाज एका लादीवर आपटे, समोरच्या लादीवर जाई आणि परत येई. पहिला शब्द विरण्याआधीच दुसरा त्याच्यावर येऊन पडे.

कोंडाजींच्या पत्नी बयाबाई कानाला यंत्र लावतात. यंत्र शब्दही मोठे करते आणि गोंगाटही. त्यामुळे सभेच्या वेळी त्या बाहेर पायरीवर बसत. जागा त्यांच्या घरची, आणि त्याच बाहेर.

शेवटी मंडळाने महाडच्या अनुपमाला बोलावले. ती इमारतींच्या आतल्या जागांची रचना करते. सभागृहाच्या मधोमध उभे राहून तिने एक टाळी वाजवली आणि ती विरेपर्यंत ऐकत राहिली. मग व्यासपीठासमोरच्या भिंतीच्या लाद्या काढायला सांगितल्या. त्या जागी माझा जन्म झाला.

आधी पोकळी सोडली, म्हणजे जाड आवाजही आत मुरावा. पुढे जुन्या घोंगड्यांचे थर आले आणि त्यांवर बांबूच्या उभ्या पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवून. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती फटीतून आत शिरते, लोकरीच्या तंतूंत घासते आणि तिची अगदी किंचित उष्णता होते. परत फिरते ती थोडीच. अनुपमाला मला पडद्याआड लपवायचे नव्हते. तिने पट्ट्या कमी-जास्त उंचीच्या घेतल्या, त्यामुळे माझी वरची कड समोरच्या डोंगरांसारखी दिसते.

पट्ट्या बसवणारे गोमाजी मात्र कुरकुरत होते. "बाय, भिंतीच्या फटी बुजवायला लोक मला बोलावतात. तू मुद्दाम ठेवायला लावतेस."

"काका, बुजवल्या तर ही नुसती भिंत होईल."

"मंग आता काय हाय?"

"कान."

गोमाजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "एवढा मोठा कान घरी नेला तर आमची बायको बोलायची थांबायची नाय."

पुढच्या सभेला बयाबाई आत आल्या आणि पुढच्या रांगेत बसल्या. त्या दिवसापासून पायरीवर कुणी बसले नाही. सभेत भांडणे अजूनही होतात, पण आता एकमेकांचे ऐकून होतात. लग्नात नवरा-नवरी माझ्यासमोर उभे राहून फोटो काढतात. मी सुंदर आहे, हे मला ठाऊक आहे.

या सौंदर्यानेच घात केला. यंदाच्या पूजेला बयाबाईंचा मुलगा किशोर मुंबईहून काळ्या ग्रॅनाइटच्या गुळगुळीत पाट्या घेऊन आला. त्यांवर सोनेरी अक्षरांत देणगीदारांची नावे कोरली होती आणि सगळ्यांत वर त्याच्या वडिलांचे. वडिलांचे नाव सर्वांत देखण्या भिंतीवर असावे, एवढेच त्याच्या मनात होते. पाट्यांनी माझ्या बहुतेक फटी झाकून टाकल्या.

पूजेनंतर किशोरने माईकवरून नावे वाचली. बयाबाई पुढे वाकून ऐकत होत्या. त्यांच्या वयाच्या बायका नवऱ्याचे नाव स्वतः घेत नाहीत. ते दुसऱ्याच्या तोंडूनच ऐकायचे.

यादी संपली तरी त्या तशाच वाकून होत्या. "किशोर, सगळ्यांची नावं घेतलीस. तुझ्या बापाचं रे?"

"आई, फर्स्ट नाव बाबांचंच घेतलं ना."

"मला नाय ऐकू आलं."

त्याने ते पुन्हा, मोठ्याने घेतले. बयाबाईंनी कानातले यंत्र काढून हातात घेतले. "ओरडू नको. ओरडलास की जास्तच घुमतं. हे दगड लागायच्या आधी मला इथं समदं ऐकू येत व्हतं."

किशोरने माईक खाली ठेवला. मग त्याने गोमाजींना हाक मारली आणि दोघांनी एकेक पाटी उतरवून बाहेर ओटीच्या भिंतीला टेकवली. तिथे मोकळी हवा आहे, दगडाचा कुणाला त्रास नाही.

किशोरने नावे पुन्हा वाचली. या वेळी माईक घेतला नाही, साध्या आवाजात वाचली. "कोंडाजी" हा शब्द निघाला आणि बयाबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला. मागे घुमणारा आवाज मी माझ्यात जिरवला आणि नाव तेवढे स्वच्छ त्यांच्यापाशी पोहोचले.

पाट्यांच्या स्क्रूंची भोके माझ्या पट्ट्यांवर राहिली आहेत. असू देत.

मित्रांनो, माझी धूळ कोरड्या फडक्याने पुसा. रंगाचा थर देऊन माझ्या फटी लिंपू नका. फ्लेक्स टांगायचा असेल तर शेजारच्या भिंतीला टांगा. आणि उद्या तुम्ही एखादी खोली सजवाल, तेव्हा ती दिसेल कशी एवढेच पाहू नका. तिथे कुणीतरी आपल्या माणसाचे नाव ऐकायला बसलेले असेल.