पुढची दोन चाके सुईची

मित्रांनो, मी एक जुनी टॅक्सी आहे. एल्मिना गावात, खाडीच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर, अराबा शिंपिणीच्या अंगणात बदामाच्या झाडाखाली मी उभी असते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने माझा पत्रा जागोजागी खाल्ला आहे, एक दिवा आंधळा झाला आहे आणि दुपारभर माझ्या टपावर कोंबड्या बसतात. त्यांना मी काही म्हणत नाही. पण माझे दार उघडून आत डोकावलात तर तुम्ही चकित व्हाल. आतून मी अजून घट्ट आहे, टाका न् टाका जागेवर आहे. तो तसा का आहे, तेच तुम्हाला सांगते.

माझा जन्म दूरच्या थंड देशातला. तिथल्या कारखान्याचे मला फारसे आठवत नाही. आठवते ते ताकोराडीचे बंदर. क्रेनने मला बोटीतून उचलून हवेत धरले, आणि खाली क्वामेना व अराबा हे नवराबायको श्वास रोखून उभे होते. क्वामेनाने वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या होत्या, अराबाने गावभरच्या बायकांचे कपडे शिवले होते, तेव्हा कुठे मी त्यांची झाले. क्वामेना भेटेल त्याला सांगायचा, "मागची दोन चाकं माझी. पुढची दोन हिच्या सुईची." माझ्या पाठीवर त्याने लाल रंगात लिहून घेतले होते, 'आई वाट बघतेय'.

मित्रांनो, काय दिवस होते ते! किती नवऱ्या माझ्या मागच्या सीटवर बसून चर्चला गेल्या, किती गरोदर बायका कण्हत गेल्या आणि हसत परत आल्या. मासळीवाल्या बायका घमेली मांडीवर घेऊन बसत. घमेल्यांतले खारे पाणी सीटवर सांडे, क्वामेना ओरडे, आणि त्या म्हणत, "अरे, समुद्र आहे तो. त्याला काय आम्ही बांधून आणू?"

ते खारे पाणीच मला बाधले. रेक्झीन तडकले, शिवणी उसवल्या, आतला काथ्या कुजला, स्प्रिंगा गंजून तुटल्या. छताचे अस्तर वटवाघळासारखे लोंबू लागले. क्वामेना भला माणूस, पण मला भोक पडले की तो वर चटई टाकायचा. ती फाटली की तिच्यावर दुसरी. दुखणे झाकले म्हणजे ते बरे झाले, अशी त्याची समजूत होती. एका हिवतापाच्या साथीत तो गेला, तेव्हा माझ्या मागच्या सीटवर चटयांचा थर होता आणि त्याखाली एक तुटकी स्प्रिंग टोक वर करून बसली होती.

तिने दगा दिला तो नेमका क्वामेनाच्या अंत्यविधीला. त्यांच्या कुळातले सर्वांत थोर म्हणजे नाना एसुमान. ते काळे-तांबडे नवेकोरे कापड खांद्यावरून घेऊन ऐटीत माझ्यात बसले. चर्चसमोर उतरताना मोठा आवाज झाला. टर्रर्र! कापड मागून वीतभर फाटले होते. रडणाऱ्या बायका रडता रडता हसू लागल्या. नाना दोन्ही हात पाठीशी धरून चर्चमध्ये शिरले आणि शेवटपर्यंत भिंतीला पाठ लावून उभे राहिले. लाजेने माझे उरलेले अस्तरही गळून पडेल असे मला वाटले.

पुढे कुळाची बैठक बसली. त्यांच्यात माणूस गेला की त्याची वस्तू बायकोमुलांकडे नाही, बहिणीच्या मुलाकडे जाते. क्वामेनाची बहीण आबा, तिचा मुलगा इबो. इबो तिशीचा, स्वतः ड्रायव्हर, बोलायला तिखट. तो म्हणाला, "इंजिन तेवढं चांगलंय. ते काढून विकतो. बाकीचा पत्रा भंगारात."

काळ्या कपड्यांत कोपऱ्यात बसलेली अराबा मान वर करून म्हणाली, "पुढची दोन चाकं माझ्या सुईची आहेत, इबो."

"मग मामी, ती दोन चाकं ठेवून घ्या ना! मी कुठं नाही म्हणतोय?"

लोक हसले. अराबा हसली नाही. "नाना, मला ही गाडी मोडायची नाही. मी ती आतून नवी करीन आणि तिच्यावर पोट भरीन. मला फक्त दुखवट्याचं वर्ष द्या."

नानांचा हात आपोआप पाठीकडे गेला. मग ते सावकाश म्हणाले, "वर्षाने तुझं काळं उतरायचं. त्या दिवशी मी याच गाडीतून चर्चला जाईन. अंगावर पांढरं नवं कापड असेल. त्याला एक ओरखडा जरी आला, तर गाडी तिथल्या तिथं इबोची. मग तो तिला मोडो नाहीतर खाडीत ढकलो."

झाले. माझा जीव एका म्हाताऱ्याच्या कापडावर टांगला गेला.

दुखवट्यात विधवेने फारसे घराबाहेर जायचे नसते. म्हणून अराबाने अंगणातच काम मांडले. पाना घेऊन तिने माझ्या सीटा सोडवल्या आणि झाडाखाली ठेवल्या. पोटातले सगळे बाहेर आले! केसांचे आकडे, माशांचे खवले, कुणा बाळाच्या कमरेचे मणी. आबा बघायला आली ती पदरात केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेली मासळी घेऊन. त्यांच्याकडे नवऱ्याची बहीण भावजयीला 'बायको' म्हणते आणि तिच्यावर नवऱ्यासारखा हक्क गाजवते.

"काय गं बायको, गाडीचं बाळंतपण करतेस वाटतं?"

"नुसती बघत बसू नकोस, नवरोबा. पक्कड दे इकडे. आणि लेकाची बाजू घेणार असशील तर आल्या पावली परत जा."

"लेक माझा आहे, म्हणून त्याची अक्कल पण माझीच म्हणायची का?" म्हणत आबाने पक्कड उचलली.

आबाचे माहेर-सासर कोळ्यांचे. तुटक्या स्प्रिंगा बदलल्यावर त्या बांधायच्या कशाने, हा प्रश्न तिनेच सोडवला. जाळ्याची जाड दोरी आणून तिने एकेक स्प्रिंग शेजारणीशी अशी बांधली की एक दबली की सगळ्यांनी मिळून भार घ्यावा. "ही गाठ शार्क सोडवू शकत नाही," ती म्हणाली, "नानांचं बूड काय सोडवणार!" त्यावर कोकोच्या गोण्यांचे तरट आले, तरटावर धुऊन वाळवलेला नारळाचा काथ्या, काथ्यावर फोम. छताचे अस्तर अराबाने कसाव्याच्या कंदाच्या खळीने चिकटवले. खळ वाळेपर्यंत दोघी हात वर करून ते धरून उभ्या होत्या आणि गाणी म्हणत होत्या.

पण मित्रांनो, अराबा बायकांचे कपडे शिवणारी. गिऱ्हाईक जाड होणार हे धरून ती नेहमी दोन बोटे जास्त ठेवायची. सवयीने तिने माझ्या सीटांचे अभ्रेही तसेच ऐसपैस बेतले. चढवले तर सगळीकडे झोळ!

"अगं, सीट काय पोटुशी आहे?" आबा हसून खाली बसली. "तिला कुठं वाढायचंय?"

अराबाने सगळे उसवले. तेव्हा तिला कळले की सीटचा अभ्रा सीटपेक्षा बोटभर लहानच हवा, ओढून ताणून बसवावा लागावा असा. दुसऱ्या खेपेला दोघींनी गुडघे रोवून तो ओढला आणि तारेच्या कड्यांनी खाली सांगाड्याला जखडला. एक सुरकुती राहिली नाही. मला वाटले, मी जिंकले.

कापड कोणते होते ते सांगायचे राहिले. अंत्यविधीला सगळ्या कुळाने एकाच ठाणातले काळे-तांबडे कापड घेतले होते. त्याचा मोठा तुकडा उरला होता. दणकट, मळखाऊ. अराबाने तोच वापरला. वर्षभर काळे नेसून तिच्या डोळ्यांना काळ्याचे काळेपण दिसेनासे झाले होते, आणि तिच्या शेजारी बसून आबाचेही तसेच झाले होते.

वर्ष संपायला थोडे दिवस राहिले, तेव्हा तिने इबोला म्हटले, "स्टँडवर नेऊन एक फेरी मारून बघ." इबो मला घेऊन गेला. एका मासळीवालीने दार उघडले, आत पाहिले आणि झटकन मागे सरकली.

"कोण गेलं रे?"

"कोणी नाही. बसा."

"मग मला कशाला न्यायला आलास? माझी नातवंडं लहान आहेत अजून!"

तिने दार लावून घेतले. दुसरी आली, तिनेही तेच केले. एक म्हातारा तर माझ्यासमोर टोपी काढून उभा राहिला. मी रिकामी परत आले. इबो उतरून म्हणाला, "मामी, सीट झकास झालीये. फक्त बसायला मढंच पाहिजे."

अराबा माझ्या दाराशी आली. प्रथमच तिने मला लोकांच्या डोळ्यांनी पाहिले. मग आपल्या काळ्या बाह्यांकडे पाहिले. मी आतून तिच्यासारखीच दिसत होते. असल्या गाडीतून काळे उतरवायच्या दिवशी चर्चला जायचे? नाना पायसुद्धा ठेवणार नाहीत.

ती घरात गेली आणि पेटीतून एक कापड घेऊन आली. पांढरेशुभ्र, त्यावर निळ्या वेली. त्यांच्यात दुखवटा संपला की आनंदाचे पांढरे नेसतात; त्या दिवसासाठी तिने ते कधीचे आणून ठेवले होते. खडूने खुणा करून तिने त्याला कात्री लावली.

आबा कुंपणातून ओरडली, "अगं वेडे! मग तू काय नेसणार?"

"ते बघू नंतर. आधी हिचं काळं उतरू दे."

काळे कापड तिने फेकले नाही. त्याचे सगळे टाके तसेच ठेवून त्याच्यावर पांढरे चढवले. आतून काळे, वरून पांढरे. अस्तर मिळाल्याने कापड दुप्पट बळकट झाले. आणि क्वामेनाचा दुखवटा माझ्या आत राहिला, कुणाला न दिसता. तो आजही आहे.

काळे उतरायच्या दिवशी सकाळी अराबा जुन्याच कपड्यांत दारात उभी होती. आबा आली आणि एक पुडके तिच्या अंगावर टाकून म्हणाली, "घे."

पुडक्यात पांढरे कापड होते, शिवून तयार.

"हे गं काय, नवरोबा?"

"बायकोला कापड कोणी घ्यायचं असतं? नवऱ्यानेच ना? इतकी वर्षं नुसताच हक्क गाजवला. जा, नेसून ये. आणि हो, ऐसपैस शिवलंय. तुला वाढायला जागा आहे!"

नाना आले. पांढरे नवे कापड, हातात काठी. त्यांनी काठीने सीट टोचून पाहिली. मग तळहाताने दाबून पाहिली. मग देवाचे नाव घेऊन बसले. इबो गाडी चालवणार होता, आणि त्याचे मन मला माहीत होते. वाटेतला एकही खड्डा त्याने सोडला नाही. पुलाआधीचा मोठा खड्डा, बाजारापाशी उखडलेला रस्ता, गटारावरची फळी. प्रत्येक वेळी मी जीव मुठीत धरला. खालून हादरा येई, स्प्रिंगा एकमेकींचा हात धरून तो वाटून घेत, आणि काथ्यापर्यंत पोचेतो त्याचा नुसता झोका होई.

चर्चसमोर सगळे गाव उभे होते, पायी पुढे आलेल्या अराबा आणि आबाही. इबोने गाडी थांबवून आरशात पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला.

नाना झोपले होते. तोंड उघडे, मान सीटवर, मंद घोरणे चालू. घंटा वाजत होती तरी जाग नाही. शेवटी आबाने खिडकीतून हात घालून हलवले. "पोचलो?" नाना चिडून म्हणाले. "एवढ्यात?"

ते उतरले, गर्दीकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "बघा गं, नीट बघा." बायकांनी कापड वरून खालपर्यंत चाचपले. एक धागा निघाला नव्हता.

"पुढची दोन चाकं हिच्या सुईची होती," नाना सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले. "आजपासून मागचीही. आणि इबो, खड्डे मला सगळे कळले हो. पण झोपेतून उठावंसंच वाटेना."

मग जो जल्लोष झाला! बायकांनी पांढरे रुमाल हलवले. जिंकणाऱ्याच्या अंगावर पावडर उधळायची त्यांची रीत. अराबाच्या मानेवर पावडर, आबाच्या डोक्यावर पावडर, आणि शेवटी कुणीतरी अख्खा डबा माझ्या बॉनेटवर पालथा केला. मी आयुष्यात इतकी सुंदर कधी दिसले नव्हते.

गडबड ओसरल्यावर इबो खाली मान घालून आला. "मामी, तुम्हाला ड्रायव्हर तर लागेल ना?"

अराबा पावडर झटकत म्हणाली, "लागेल. पण खड्डे चुकवणारा."

तो चुकवायला शिकला. पुढे कितीतरी वर्षे त्याने मला जपून चालवले. पांढरे मळायचे, तेव्हा अराबा अभ्रे सोडवून धुवायची आणि ओढून ताणून पुन्हा चढवायची. नाना तर पुढे पुढे कामाशिवायच बोलावणे पाठवत. "चर्चला नाही जायचं रे, जरा झोपायचंय," असे म्हणत.

आता नाना नाहीत. इबोचे केस पिकले आहेत. माझे इंजिनही बंद पडले, आणि ते त्याने विकले नाही. दुपारी शिवणयंत्र थांबवून म्हाताऱ्या अराबा आणि आबा माझ्या मागच्या सीटवर येऊन बसतात, भांडतात आणि भांडता भांडता झोपतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी काहीतरी फाटलेले असेल. खुर्ची असेल, गाडी असेल, कदाचित एखादे माणूस असेल. त्याच्यावर चटई टाकून पुढे जाऊ नका. अंगणात आणा, उसवा, आत हात घालून बघा काय तुटले आहे ते. वेळ लागेल, हसे होईल, एखादे नवे कापड कापावे लागेल. पण मग कधीतरी कुणीतरी तुमच्या कामावर मान टेकून गाढ झोपेल आणि जागे होऊन चिडून विचारेल, "पोचलो? एवढ्यात?"