ओलं जाळं

निकेशला बल्लारपूरच्या कारखान्यात कायम केलं. त्या रविवारी तो गाडीवर पेढे घेऊन गावी आला आणि आईपुढे मांडी ठोकून म्हणाला, "माय, आता तुले काय पाहिजे ते सांग. घेऊन देतो."

धुरपताबाई मासोळ्या साफ करत होती. तिचा हात विळीवरच थांबला. पन्नाशी उलटली, पण हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. बापाने नाही, नवऱ्याने नाही. सोमाजी वाईट माणूस नव्हता. मागच्या हिवाळ्यात गेला बिचारा. पण त्यानेही जन्मभर 'काय रांधलं?' एवढंच विचारलं. आपल्याकडे इच्छा विचारतात ती फाशीच्या कैद्याला, नाहीतर डोहाळे लागलेल्या बाईला. आणि बाईला विचारतात तेही पोटातल्या पोरासाठी.

"फ्रिज घेऊ?"

"त्यात काय ठेवू? तुह्या बापाचा फोटो?"

"मंग तिरुपतीले जाशीन?"

"तिथी देवाले काय मागू रे? मलेच मालूम नाई."

निकेश हसला. तिला हसू आलं नाही, राग आला. सुनेला कोणती साडी आवडते, म्हशीला कोणता चारा लागतो, सगळं पाठ. स्वतःचं विचारलं तर तोंडात पेढा आणि डोक्यात अंधार!

दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या प्रेमिलाला गाठलं. "तुले काय पाहिजे वो, प्रेमिला?"

"मले? सासूचा आवाज बसला पाहिजे. आठ दिवस, बस."

"मस्करी नाई करून राह्यली मी."

"मी बी नाई."

त्याच आठवड्यात गावतलावाची मासेमारी होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मासेमार ढिवरांची सगळी घरं एकाच दिवशी तलावात उतरतात. पहिलं जाळं फेकायचा मान सोमाजीच्या घराचा. ते पडल्याशिवाय कोणी पाण्यात पाय घालत नाही. सोमाजी गेल्यावर तो मान आला निकेशकडे, आणि निकेशला कागदाची मशीन चालवता येत होती, जाळं नाही.

बायकांचा नियम निराळा. जाळं विणायचं बाईने, फाटलं की सांधायचं बाईने. पण फेकायचं बाप्यानेच, आणि एकदा ओलं झालं की वाळेपर्यंत बाईने त्याला हात लावायचा नाही. मासोळी रुसते म्हणे. तीच मासोळी टोपलीत घालून गोंडपिपरीच्या बाजारात बाई घसा फोडते, तेव्हा बरी रुसत नाही! हा नियम कोणी केला ते मी सांगतो. ज्याला विणायचा कंटाळा आणि फेकायची हौस, त्यानेच केला.

सकाळी तलावाच्या बांधावर, पाळीवर, सारं गाव जमलं. मासेमारी सोसायटीचे अध्यक्ष घनश्यामभाऊंनी नारळ फोडला, हळद वाहिली. निकेश पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता.

"माय, फजिती होईन माही."

"होऊ दे. सीधा उभा राह्य."

तिने जाळं उचलून त्याच्या खांद्यावर घातलं. जाळ्याच्या काठाला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या एकमेकींवर वाजल्या. तो भार हाताला लागला आणि तिच्या अंगावर काटा आला. दर उन्हाळ्यात ती इथवरच यायची. सोमाजीच्या खांद्यावर जाळं चढवून मागे सरायची आणि श्वास रोखून बघत राहायची. हात फिरायचा, जाळं हवेत फुलायचं, आणि छातीत काहीतरी उडायचं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपण नवऱ्याकडे बघतो. छे! ती जाळ्याकडे बघत होती.

"निक्या, उतरव ते."

"काय?"

"जाळं. काय पाहिजे म्हनून विचारत होता ना? हे पाहिजे. मले फेकायचं हाये."



"धुरपताबाई," घनश्यामभाऊ पुढे आले, "ऊन लागलं काय तुमाले? तलाव कोपन!"

"यातली एक एक गाठ माह्या हातची हाये, भाऊ. इतके साल ओलं झालं, कोपला काय?"

"हा बाप्याचा मान हाये."

"घराचा मान हाये. अन् घर मी चालवून राह्यली."

आज आपण मागे सरलो तर पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने पोराकडे बघितलं. निकेशने सगळ्या बाप्यांकडे एकदा नजर टाकली, घाम पुसला आणि जाळं उतरवून तिच्या खांद्यावर ठेवलं.

"फेक, माय."

"फेका वो बाई!" प्रेमिला मागून ओरडली. "टोपल्या सुकून राह्यल्या!"

धुरपताबाईने पदर खोचला, दोरी मनगटाला बांधली आणि मांडीभर पाण्यात गेली. सोमाजीसारखी कंबर फिरवली, हात सोडला. जाळं फुललं नाही. भरल्या पोत्यासारखं धप्पकन पडलं आणि त्याच्यामागे ती स्वतःही. सारं गाव खो खो हसलं. बाई वर आली ती डोक्यावर शेवाळ घेऊन, आणि सगळ्यात मोठ्याने तीच हसत होती.

"पडलं ना? पडलं! उतरा आता!"

बापये एकमेकांकडे बघू लागले. कसं का होईना, पहिलं जाळं पडलं होतं. तापलेल्या पाळीवर पाय भाजत होते, एकेक जण उतरला. तलावभर जाळी उडू लागली, रोहू-कटला तडफडू लागले. मासोळी काही रुसली नव्हती.

धुरपताबाई कडेला फेकतच होती. दुसरं जाळं गुंतलं, तिसरं तिरपं गेलं. घनश्यामभाऊंनी दोनदा तोंड फिरवलं. मासोळीवाल्याच्या डोळ्याला वाकडं जाळं काही बघवेना. शेवटी ते तणतणत पाण्यातून आले.

"कोपर वर! वर घ्या ना, बाई! भाकर थापून राह्यल्या काय? अर्धं या हातात, अर्धं खांद्यावर. हां. आता कंबरेपासून फिरा. अन् सोडताना घाबरू नोका!"

पाळीवरून प्रेमिलाने हाक दिली. "बाई, टोपली भरली! चाला बाजाराले!"

"तू जाय! मी नाई येत!"

तिने कोपर वर घेतलं, फिरली आणि सोडलं. तलावावर जाळं भाकरीसारखं गोल उघडलं. फार मोठं नाही, पण गोल.

"हात्तिच्या!" घनश्यामभाऊ म्हणाले. "फेका पुन्हा."