सगळ्यात थंड जागा

मी एक जुना फ्रीज आहे, मित्रांनो. एका दाराचा, निळा, डाव्या बाजूला पोचा पडलेला. जयपूरच्या बनी पार्कात एका भाड्याच्या घराच्या स्वयंपाकघरात मी कोपरा धरून उभा असतो. माझा आवाज जरा घरघरतो, तेवढं सांभाळून घ्या.

कारखान्यात माझ्या अंगात नळ्या बसवल्या, वायू भरला, आणि मी पहिल्यांदा गार झालो तेव्हा तिथल्या माणसाने आत हात घालून "वा!" म्हटलं. मग भुसावळला नंदकिशोररावांनी मला घरी आणलं. ते रेल्वेत नोकरीला. त्यांच्या बायकोने, प्रतिमाताईंनी, माझ्या दाराला कुंकवाचं बोट लावलं. त्यांची चिमुकली भार्गवी तर दिवसभर दार उघडून बघत होती, आतला दिवा खरंच विझतो का म्हणून. काय ते लाड होते माझे! पुढे बदल्या सुरू झाल्या. भोपाळ झालं, कोटा झालं, मग जयपूर. पोचा कोट्याच्या वाटेवर ट्रकमध्ये पडला. "आता नवा घेऊ या," असं नंदकिशोरराव दर दिवाळीला म्हणायचे आणि प्रतिमाताई म्हणायच्या, "चालतोय ना? मग राहू दे बापड्याला."

भार्गवी मोठी झाली. इथल्याच सीतापुऱ्यात कपडे परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात डिझायनर म्हणून लागली, स्कूटीवरून जाऊ लागली. एक दिवस ती उजवा डोळा चोळतच घरी आली. "आई, लाल रंग ना, मतलब, लाल दिसतच नाहीये. धुतल्यासारखा दिसतोय." मग दवाखाने झाले, तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. डोळा बराचसा सुधारला. आजार मात्र घरात राहायला आला.

त्याच्याबरोबर माझ्या पोटात इंजेक्शनची पेनं आली. दर रविवारी एक टोचायचं, तीन महिन्यांची एकदम यायची. भार्गवीने मधला कप्पा त्यांना दिला आणि आईला बजावलं, "हे थंडच राहिलं पाहिजे हं. बाहेर काढून ठेवू नकोस." बास, एवढंच. बर्फाच्या कप्प्याचं नाव कोणी काढलं नाही. काढायचं कुणाला सुचणार?

दर सहा महिन्यांनी तिचं रक्तही तपासायला जायचं. प्रतिमाताई विचारायच्या, "तुला बरं वाटतंय ना? मग कशाला ते सुया टोचणं?" तेव्हा भार्गवीने माझी वायर हातात घेऊन दाखवली. "हे वरचं प्लास्टिक आहे ना, तसं नसांवर असतं. ह्या आजारात ते उतरतं. मग आतली तार झिजते आणि तिचा चुरा रक्तात येतो. तो मोजतात. बाहेरून मी ठीक दिसेन, पण आत झीज चालू असेल तर रक्त आधी सांगतं."

वायरीची गोष्ट मला नाही कळणार तर कुणाला! मला त्या दिवशी धडकीच भरली. दोन वर्षं तिचा आकडा खालीच राहिला. प्रत्येक रिपोर्टला प्रतिमाताई देवापुढे साखर ठेवायच्या आणि माझा जीव भांड्यात पडायचा.

मग यंदाचा बासोडा आला. शेजारच्या द्वारकाजींनी प्रतिमाताईंना सगळं समजावलं होतं. शीतलामातेचा सण. आदल्या दिवशी रांधायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही, मातेला थंड नैवेद्य दाखवून थंडच जेवायचं. "बिटिया के लिए बोल दो, माता ठंडा झोला देगी," द्वारकाजी म्हणाल्या. थंड झुळूक म्हणजे मातेची कृपा. प्रतिमाताईंनी लेकीसाठी जयपूरजवळच्या चाकसूच्या शीतलामातेला नवस बोलून टाकला.

भार्गवी तेव्हा कामासाठी दिल्लीला गेली होती. इकडे आदल्या दिवशी पुए, कढी, दहीभात, राबडी, शिवाय आपल्या पुरणपोळ्या, सगळं माझ्यात कोंबलं. श्वास घ्यायला जागा नाही! प्रतिमाताईंनी पेनांचे डबे उचलले, क्षणभर छातीशी धरले, आणि वरचं झाकण उघडून थेट बर्फाच्या कप्प्यात ठेवले. वर हातही जोडले.

अहो ताई, तिथे नको! मी घरघरलो, थरथरलो, माझ्यावरची बरणीसुद्धा खणखणली. "काय झालंय ह्याला आज," म्हणून त्यांनी माझ्या दारावर एक थाप मारली. पेनांतलं औषध हळूहळू गोठत गेलं. मला ते कळत होतं, कारण गोठवत मीच होतो. माझं कामच ते.

दुसऱ्या दिवशी चाकसूहून आल्यावर त्यांनी डबे परत मधल्या कप्प्यात ठेवले. औषध वितळलं. काचेत पूर्वीसारखंच स्वच्छ दिसत होतं. भार्गवी परतली आणि रविवारी तिने पेन घेतलं. पुढच्या रविवारी दुसरं. दर रविवारी माझं दार उघडलं की मला वाटायचं, आज तरी तिला संशय यावा. ती गुणगुणत यायची आणि पेन घेऊन जायची.

जूनमध्ये रिपोर्ट आला. आकडा दुपटीच्या वर गेला होता.

"डॉक्टर विचारत होते, डोस चुकवलेस का," भार्गवी माझ्या दाराला टेकून सांगत होती. "एकही नाही म्हटलं. म्हणाले, मग औषध लागू पडत नाहीये. आता जास्त कडक द्यावं लागेल, त्याचे त्रासही जास्त."

"असं कसं?" प्रतिमाताई रडकुंडीला आल्या. "मी तर मातेच्या दिवशी सगळ्यात थंड जागा दिली होती तुझ्या औषधाला. थेट बर्फात ठेवली होती पेनं."

 भार्गवी खाली फरशीवर बसली. "आई, ते गोठलं की खराब होतं. मीच सांगितलं नाही तुला."

प्रतिमाताईंनी पदर तोंडात दाबला. आईला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि कुणावर पाहायची वेळ येऊ नये.

डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी कडक औषध लांबणीवर टाकलं आणि त्याच औषधाची नवी पेनं सुरू केली. पण एकदा झिजलेली तार परत भरून येत नाही, मित्रांनो. काल पुन्हा रक्त दिलंय. रिपोर्ट यायचाय.

म्हणून एकच विनंती करतो. कुणाचं औषध हलवाल तर आधी त्याला विचारा. माया करणाऱ्यांनी तर जरूर विचारा. आणि ज्याचं औषध आहे त्याने घरच्यांना पूर्ण सांगावं, अर्धं नको.

मी जमिनीला टेकून उभा असतो, त्यामुळे घरातली पावलं मला कळतात. दोन दिवस झाले, भार्गवीची डावी चप्पल घासत येते आहे. आज सकाळी ती पाणी घ्यायला आली तेव्हा माझी घरघर थांबली होती. प्रतिमाताई पोळ्या लाटत होत्या. चप्पल फरशीवर घासली. लाटणं थांबलं.

"काय गं आई?"

"काही नाही. पाणी पी."

भार्गवी उभ्या उभ्या पाणी प्यायली. आपलं पाऊल ओढलं जातंय हे तिला अजून कळलेलं नाही.