रायलीची सुट्टी

"अगं झडप! धुराड्याची झडप उघड की! मासळीसारखी धुरी घ्यायला आलीस का इथे?"

दार ढकलून आत शिरलेल्या म्हातारीने धुरातच हात घालून झडप खसकन ओढली, चुलीचं तोंड लावलं आणि खोकत खोकत रायलीला दंडाला धरून बाहेर पायरीवर आणून बसवलं.

"हेलसिंकीची का?"

"नाही. इकडचीच, उत्तरेची. केमीची."

"मग तर लाजच म्हणायची! केमीच्या बाईला चूल पेटवता येत नाही?"

"येते हो. लहानपणापासून पेटवतेय. आज झडप उघडायची राहून गेली, एवढंच."

म्हातारीने वाकून तिच्याकडे पाहिलं. "डोळे धुराने लाल झालेत की आधीचेच?"

"आधीचेच," रायली म्हणाली.

म्हातारीचं नाव बिरेत. तळ्याकाठच्या या तीन लाकडी खोपटांच्या किल्ल्या तिच्याकडे असत. अर्धा जन्म रेनडिअर राखण्यात गेला होता. गुडघे दुखायला लागल्यापासून ती पाहुणे राखत होती. "त्यापेक्षा रेनडिअर बरे," ती म्हणायची, "ते घाण करतात, पण दाराबाहेर तरी करतात."

देशाच्या अगदी उत्तर टोकाला, उत्सयोकी गावाच्याही पलीकडे, वाट संपते तिथे ही खोपटं होती. वीज नाही. पाणी तळ्यातून बादलीने आणायचं, संडास मागच्या झाडीत, अंथरूण-पांघरूण आणि शिधा आपापला. जाताना झाडून-पुसून जायचं. म्हणूनच ती स्वस्त होती, आणि म्हणूनच रायलीने हो म्हटलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं सगळं घरीच करणाऱ्या बायकांना सरकार अधूनमधून सुट्टी देतं. तितके दिवस नवऱ्याला देखभाल केंद्रात ठेवून घेतात. रायलीने आजवर ती कधी घेतली नव्हती. या वेळी लेकीने, ओउतीने, मागे लागून सगळं ठरवून टाकलं आणि आईला बसमध्ये बसवून दिलं. "आई, तिथे काही करायचं नाही. फक्त झोपायचं."

पण झोप कुठे येते मागितली म्हणून? अर्धांगाचा झटका आल्यापासून नवऱ्याला, उन्तोला, घास कुस्करून भरवावा लागे, तीन-तीन तासांनी कुशीवर वळवावं लागे. इथे वळवायला कोणी नव्हतं, तरी तिचा डोळा त्याच वेळी उघडायचा. मग ती नुसती पडून राही, आणि उजाडलं की उठून कामाला लागे. तिने खिडक्या पुसल्या. पाहुण्यांनी काळी करून ठेवलेली किटली वाळूने घासली. बिरेत सरपण टाकायला आली तेव्हा ती तिसऱ्या, रिकाम्या खोपटाची पायरी झाडत होती.

"पाहुणी म्हणून आलीस की मोलकरीण म्हणून?"

"बसून काय करू?"

"बसून बसायचं! तळं बघायचं. बर्च बघ कसे पिवळेधमक झालेत. आठवड्याभरात पानं गळतील, मग बघायलाही काही उरायचं नाही."

रायलीने तळ्याकडे पाहिलं. पाहायचं म्हणून पाहिलं, आणि पुन्हा झाडू हातात घेतला.

फोन लागायचा तो फक्त मागच्या टेकडीवर. रायली रोज धापा टाकत चढायची. दुसऱ्याच दिवशी तिथे ओउतीचा फोन आला.

"आई, केंद्रातली एक खोली कायमची रिकामी झालीय. बाबांना मिळेल. या शुक्रवारपर्यंत कळवायचंय."

"कोण गेलं?"

"ते कशाला विचारतेस?"

"कोणीतरी गेल्याशिवाय का खोली रिकामी होते?"

ओउती हळूच म्हणाली, "गेल्या महिन्यात तू त्यांना उचलताना पडलीस. मला सांगितलंसुद्धा नाहीस. शेजारणीकडून कळलं मला. तुला काही झालं म्हणजे?"

"तो काय जुनं कपाट आहे, जड झालं म्हणून दुसरीकडे टाकायला?"

"असं कोण म्हणतंय, आई?"

"मीच म्हणतेय," रायली म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ती टेकडी उतरू लागली. चाळीस वर्षांचा संसार. ती शाळेच्या स्वयंपाकघरात, तो कागदाच्या गिरणीत. भांडणं झाली नाहीत असं नाही. पण आजारात टाकून देणारी बाई ती नव्हे, असं तिने स्वतःला इतक्यांदा बजावलं होतं, की खरंच काय वाटतं हे विचारायचंच राहून गेलं होतं.

गुरुवारी दुपारी तिने केंद्रात फोन लावला. नर्स हसऱ्या आवाजाची होती. "आज छान आहेत ते. जेवले पोटभर. बोलता का? कानाला लावते हं."

थोडी खरखर झाली. मग उन्तोचा श्वास ऐकू आला.

"उन्तो? मी बोलतेय."

"कोण पाहिजे तुम्हाला?"

झटक्यानंतर तो जीभ जड झाल्यासारखा बोलायचा, कधी माणसंही ओळखायचा नाही; पण आज शब्द स्पष्ट होते. ती नाव सांगायला गेली, आणि का कोण जाणे, तिने ते सांगितलं नाही.

"रायली आहे का?" तिने विचारलं.

"आहे. पण झोपलीय ती." त्याने आवाज एकदम खाली आणला. "आत्ता नका उठवू. फार दमलीय हो बिचारी. काही निरोप असला तर मला सांगा."

रायली दगडावर बसली. खाली तळं होतं, वारा होता. रात्रपाळी करून पहाटे घरी येताना उन्तो बूट जिन्यातच काढायचा. हातात बूट घेऊन मोज्यांवर आत यायचा, आणि दूधही थंडच प्यायचा; भांड्याचा आवाज नको म्हणून. कधी बोलून दाखवलं नाही त्याने. तिनेही कधी विचारलं नव्हतं.

"ऐकताय ना?" पलीकडून तो म्हणाला.

"हो. नाही उठवत," ती म्हणाली. "झोपू द्या तिला."

"उपकार झाले," उन्तो म्हणाला.

ती खाली आली आणि कोट न काढताच खोपटातल्या बाकावर आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी उन्हं चांगली वर आली तरी तिच्या खोपटातून धूर निघेना. दुखरे गुडघे विसरून बिरेत लगबगीने आली, दार लोटून आत डोकावली. बाई तोंड उघडं टाकून लहान मुलीसारखी घोरत होती. बिरेतने कोटावरून घोंगडी टाकली, आवाज न करता चूल पेटवली आणि जाता जाता एक मासा वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर ठेवला.

रायली उठली तेव्हा खोली ऊबदार होती. आपण किती वेळ झोपलो हे तिला कळेना. तोंड धुऊन ती तडक टेकडी चढली.

"ओउती, ती खोली घेऊन टाक."

"आई? नीट विचार केलास ना?"

"खिडकीकडचा पलंग मिळतो का बघ. आणि त्यांना सांग, त्याला डाव्या कुशीवर फार वेळ ठेवू नका, खांदा दुखतो त्याचा. मी रोज जाईन. दुपारचं मी भरवीन."

पलीकडे ओउती रडत होती. "तू ठीक आहेस ना, आई? बोल ना काहीतरी."

"ठीक आहे गं. भूक लागलीय मला."

खाली बिरेत पायरीवर बसली होती. "उठली का राणीसाहेब? मला वाटलं, आता पोलिसांना बोलवावं लागतंय. मासा पाइक आहे, सांगून ठेवते. चवीला बरा, पण नुसतं काट्यांचं पोतं. जपून खा."

"तुम्हीही बसा की जेवायला."

"नको बाई. हेलसिंकीचे चौघे येतायत पलीकडच्या खोपटात. त्यांना झडप दाखवायचीय," म्हणून ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि निघून गेली.

रायलीने मासा लोण्यात तळला, बटाटे उकडले, राय धान्याची काळी भाकरी कापली. ताट घेऊन ती खिडकीशी बसली. बाहेर वाऱ्याने बर्चची पानं पाण्यावर पडत होती. रायली ती पाहत होती आणि बोटं आपलं काम करत होती. थोड्या वेळाने तिने खाली पाहिलं, तर ताटाच्या कडेला माशाचा मऊ, कुस्करलेला ढीग जमला होता. एकेक काटा काढलेला, दोनदा चाचपून पाहिलेला.

ती बराच वेळ त्या ढिगाकडे बघत राहिली. मग तिने ताट जवळ ओढलं आणि सावकाश, घासाघासाने, तो सगळा खाल्ला.