धुतलेला दात

पंप दुरुस्तीच्या त्या दुकानात वडिलांनी एकच नियम घालून दिला होता: सुटा केलेला भाग रॉकेलमध्ये बुडवायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, फडक्याने पुसायचा आणि मगच परत बसवायचा. वडील गेले, पण थोरल्याने नियम सोडला नाही. धाकट्याने तो कधी मनावर घेतलाच नाही. त्याचा सगळा जीव ट्रम्पेटमध्ये, म्हणून दुकानात त्याला पिपाणी म्हणत. त्या शनिवारी संध्याकाळी एका मोठ्या बँडसमोर त्याला वाजवून दाखवायचं होतं आणि वर्षभर तो त्याच दिवसाकडे डोळे लावून बसला होता.

त्या घाईत दुपारी त्याने एका पंपाचं बेअरिंग न धुताच बसवलं. पंप सुरू केला तर आतून दगड दळल्यासारखा आवाज. थोरल्याने पंप बंद करून उघडला, बोटाने आतली रेती काढली आणि धाकट्याच्या शर्टाला पुसली.

"न धुता बसवलंस?"

धाकटा म्हणाला की हे धुणं-पुसणं करायला तो जन्माला आलेला नाही. मग बापाचं नाव निघालं, मग पिपाणीची टिंगल निघाली, आणि धाकट्याने हातातला पाना भावाच्या खांद्यावर हाणला. थोरल्याचं डोकं फिरलं. त्याने कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं, पोटात गुडघा घातला आणि वाकलेल्या तोंडावर एक ठोसा ठेवून दिला. तेवढ्याने मन भरलं नाही म्हणून आणखी एक. दुसऱ्या ठोशाला काहीतरी कटकन वाजलं आणि धाकटा भिंतीला घासत खाली बसला. ओठ फाटला होता, हनुवटीवरून रक्ताची धार लागली होती, वरच्या पुढच्या दाताच्या जागी नुसतं भोक होतं. दात समोर फरशीवर पडला होता, लांब मुळासकट.

थोरल्याचा राग सर्रकन उतरला. मोठा हलकट असतो हा राग; आपलं काम उरकलं की पळून जातो आणि निस्तरायला माणसाला मागे ठेवतो.

आवाज ऐकून थोरल्याची बायको आतून धावत आली. रक्त पाहून ती रडत बसली नाही, तिने तडक दातांच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. तोवर थोरला दात उचलून मागच्या ट्रेपाशी गेला होता. हातांना काम पाठ होतं. दात परत बसलाच पाहिजे, एवढंच त्याला कळत होतं. त्याने तो रॉकेलमध्ये बुडवला, मुळाला चिकटलेला गुलाबी चिवट पापुद्रा ब्रशने घासून काढला आणि दात पुसून लख्ख केला. उभ्या आयुष्यात कुठलाही भाग त्याने इतक्या मायेने धुतला नव्हता.

बायको पेलाभर गार दूध घेऊन आली. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की मुळाला हात लावू नका, घासू नका, दात दुधात टाका आणि अर्ध्या तासाच्या आत या. तिने नवऱ्याच्या हातातला ब्रश पाहिला. तिने दात घेतला आणि दुधात सोडला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी जबडा दाबून पाहिला, वरचे-खालचे दात नीट जुळतात का ते तपासलं. जबडा शाबूत होता. मग त्यांनी दात उजेडात धरला आणि त्यांना वास आला.

"हा कुणी घासला?"

"मी," थोरला म्हणाला. "एक कण राहू दिला नाही."

"त्या पापुद्र्यावरच दात जगतो. तसाच आणला असतात तर बहुतेक धरला असता. आता बसवून तारेने बांधते, पण मूळ झिजत जाईल. फार टिकणार नाही."

थोरल्याने ट्रम्पेटचं विचारलं. काही महिने तर तोंडाला लावायचंच नाही, पुढचं आत्ता सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या.

खुर्चीत धाकटा सगळं ऐकत होता. त्याच्या हनुवटीवर पुन्हा रक्त ओघळलं. ते पुसायला थोरल्याने हात पुढे केला. हाताला अजून रॉकेलचा वास होता. धाकट्याने तोंडातला बोळा थुंकला, भावाचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं आणि तळहाताच्या कडेला कडकडून चावला. डॉक्टरबाई ओढत होत्या, वहिनी ओढत होती, तो सोडेना. थोरल्याने हात मागे घेतला नाही. सुटला तेव्हा हातावर दातांची ओळ रक्ताने भरली होती आणि मधे एका दाताची जागा कोरी होती.