दोन कड्यांची पेटी

चेतनच्या छातीत डाव्या बाजूला चार महिने दुखत होतं आणि दुखण्याला नाव काही मिळत नव्हतं. ईसीजी झाला, टूडी इको झाला, रक्त तर कितीदा काढलं. सगळं नॉर्मल. कुणी टेन्शन म्हणालं, कुणी अ‍ॅसिडिटी. सत्ताविशीतलं पोरगं छातीवर हात दाबून जिना चढायचं आणि त्याचे वडील, बाबुराव, मागोमाग चढायचे. त्यांचा धाकटा भाऊ तिशीतच हार्ट अटॅकने गेला होता. घरात कुणी तो विषय काढत नव्हतं, इतकंच.

निश्चिंत होती ती एकटी हिरा. सहा महिन्यांपूर्वी आजारपणात तिचे पाय गेले, तेव्हापासून चेतन आईला दिवसातून तीनदा पलंगावरून खुर्चीत ठेवायचा. बाबुराव पुढे झाले की "तुम्ही बसा, बाबा" म्हणायचा, आणि तेही बसायचे. प्रत्येक रिपोर्टनंतर हिरा म्हणायची, त्याचं हृदय ठणठणीत आहे. ही कुठली डॉक्टर लागून गेली, म्हणून बाबुराव चिडायचे.

शेवटी बापलेक घराजवळच्याच, धायरीतल्या एका वयस्कर डॉक्टरबाईंकडे गेले. बाईंनी फाईल चाळून बाजूला ठेवली आणि अंगठ्याने बरगडी दाबली. चेतन कळवळला. हृदयाला काही झालेलं नाही, बरगडीचा सांधा सुजलाय, असं सांगून त्यांनी विचारलं, "जड काय उचलता?"

"काहीच नाही. लॅपटॉप."

बाबुराव बघतच राहिले. पोरगं खोटं बोलत नव्हतं.

"बाई, हा रोज तीनदा आईला उचलतो."

चेतनला रागच आला. "बाबा, आई काय ओझं आहे का?"

"किती किलो?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"अठ्ठावन्न," बाबुराव म्हणाले.

घरी येताना ते स्वतःवरच चरफडत होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं त्यांनी नव्या पोरांकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती: पेटीला कड्या दोन, म्हणजे माणसं दोन. एकट्याने हात लावणाऱ्याला ते फैलावर घेत. आणि घरात त्यांचाच पोरगा एकटा उचलत होता, तेव्हा ते स्वतः पेपर वाचत बसले होते.

आईला सांगू नका, ती उठायचंच बंद करेल, असं चेतनने बजावलं होतं. बाबुरावांनी चहा घेतानाच सांगून टाकलं. हिराने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग मी पडूनच राहते, म्हणाली.

"पेटी दोघांनी उचलायची असते," बाबुराव म्हणाले.

"मी पेटी आहे का?"

"नाही. पेटी इतकं बोलत नाही."

जाड चादर तिच्याखाली सरकवली. दोन टोकं चेतनने धरली, दोन बाबुरावांनी. कारखान्यातल्यासारखा "उचल" असा हुकूम सुटला आणि हिरा अलगद खुर्चीत आली. बाबुराव खूश झाले, पण ती हिरमुसलेलीच. काय झालं म्हणून दोनदा विचारल्यावर बोलली.

"तो उचलायचा तेव्हा माझा कान त्याच्या छातीवर यायचा. रोज ऐकत होते. म्हणून तर सांगत होते ना, ठणठणीत आहे."

चेतन खुर्चीपाशी गुडघे टेकून बसला आणि पुढे वाकला. हिराने त्याच्या छातीला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला. मग मान वर करून ती नवऱ्याला म्हणाली, "आता तुम्ही ऐका. चार महिने धड झोपला नाहीत."

बाबुरावांनी चष्मा काढून ठेवला आणि ते पोराजवळ खाली बसले.